अंगण वाकडं

साहेबांना आधी माझे बूट दिसले. त्या वेळी मी दगडाखाली उताणी पडून टॉर्चच्या उजेडात कुणाला तरी शिव्या देत होते, आणि ज्याला देत होते तोच दारात उभा आहे हे मला ठाऊक नव्हतं.

"बाई? पडलात की काय?"

"पडले नाही. झोपलेय."

"दगडाखाली?"

"इथं थंड वाटतं."

साहेब वाकले. त्यांचं तोंड उलटं दिसलं. मी टॉर्च उजव्या कोपऱ्याकडे वळवली. "हा चौथा पाय कुणी लावला?"

"मीच सांगितलं होतं." आवाजात चक्क अभिमान होता. "तुम्ही रजेवर होतात. हा टनभर दगड इकडे आणून ठेवला, बघतो तर खाली पाय तीनच! हा कोपरा अधांतरी. म्हटलं, तीन तिगाडा काम बिगाडा. पाहुणे बघतील तर काय म्हणतील? फिटरकडून टेकू बसवून घेतला. चांगला घट्ट आवळलाय."

घट्ट आवळलाय! मी डोळे मिटले. त्यांनी मला उठवायला हात पुढे केला. मी तो घेतला नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनला जेमतेम दहा आठवडे झाले होते, त्यामुळे कुशीवर वळून, मग हातांवर जोर देऊन, मग स्टुलाला धरून उभी राहायला मला चांगली दोन मिनिटं लागली. साहेब तोवर घड्याळ बघत होते.

आता तुम्ही म्हणाल, एका पायावरून एवढा काय गहजब? तर ऐका. आमच्या कारखान्यात काय सरळ आणि काय वाकडं हे त्या दगडावर ठरतं. ग्रॅनाइटची सरफेस प्लेट, पण सगळे तिला दगडच म्हणतात. मेजरिंग रूममधली मी तपासनीस; वस्तू दगडावर ठेवायची, डायलचा स्टँड फिरवायचा, काटा हलला तर वस्तू खोटी. दगड खरा हे त्यात गृहीतच असतं. म्हणून तर त्याला तीन पाय. तीन पायांचं स्टूल कुठल्याही जमिनीवर गपगुमान बसतं. चार पायांच्या टेबलाखाली प्रत्येक घरात कागदाची घडी सरकवलेली असते. आणि दगडाचा चौथा पाय आवळला, की घडी वगैरे काही नाही, दगडच पिळतो. डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळत नाही, फक्त त्याच्यावर ठेवलेलं खरं खोटं ठरायला लागतं.

हा दगड मीच निवडला होता, एकोणीस वर्षांपूर्वी. खरेदी खात्याच्या माणसाला काळा कुळकुळीत, आरशासारखा दगड हवा होता. त्यानं त्यात बघून भांगसुद्धा पाडला. मी म्हटलं, "आरसा घरी आहे." आणि मागच्या बाजूला धूळ खात पडलेला हा मातकट तांबूस दगड बोटांनी मोजला. त्या काळ्यापेक्षा चार बोटं जाड होता. आपल्याच वजनानं न वाकणारा. दाखल्यावरचे आकडे वाचले आणि म्हटलं, हाच. खरेदीवाला आठवडाभर कुरकुरला. कुरकुरू दे. त्या दगडावर मी कधी चहाचा कप ठेवू दिला नाही, ऊन पडू दिलं नाही, काम संपल्यावर उघडा ठेवला नाही. रोज एकाच जागी मोजलं तर दगडालाही खड्डा पडतो, म्हणून आज हा कोपरा, उद्या तो. सासूबाई शेजाऱ्यांना सांगायच्या, "आमच्या सुनेचा दगड रोज न्हातो. माझा मुलगा मात्र रविवारची वाट बघतो."

ज्यांच्या हाताखाली मी शिकले त्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: सकाळी वरून पुसायचं आणि खाली वाकून बघायचं. वरचं काय, सगळ्यांनाच दिसतं. सत्तावीस वर्षं मी वाकले. मग गुडघा गेला.

सहा आठवडे रजेवर होते. परत आले तर मेजरिंग रूमच जागेवर नाही! साहेब नवीन आलेले. त्यांनी दगड पुढच्या बाजूला, नव्या काचेच्या खोलीत आणून ठेवला होता, पाहुण्यांना येता-जाता दिसावा म्हणून. खालच्या स्टँडला चारी बाजूंनी निळा पत्रा ठोकून झालर केलेली. हलवल्यावर बाहेरचा माणूस दगड तपासून गेला होता, त्याचा दाखला भिंतीवर लटकत होता. खाली बघायचं म्हणजे पत्र्याचे स्क्रू काढा आणि जमिनीवर झोपा. डॉक्टरांनी वाकायला मनाई केलेली. कुणाला तरी सांगता आलं असतं, "जरा खाली बघता का हो?" पण मी सांगेन? सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणारी बाई, मला वाकता येत नाही असं सगळ्यांना ऐकवेल? छे! दाखला वाचला, दगड वरून पुसला आणि कामाला लागले. चौथा पाय दाखल्यानंतर बसला होता, हे मला दगडाखाली झोपल्यावर कळलं.

आणि त्या पायाखाली चिरडला कोण, तर अंगठेबहाद्दर.

अंगठेबहाद्दर आमचा ग्राइंडरवाला. चांगला शिकलेला माणूस, वर्तमानपत्र शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणारा. पण घासलेल्या लोखंडावर अंगठा फिरवून तो सांगायचा, "बाई, या टोकाला तीन जास्त आहे," आणि डायल लावली की तीनच निघायचे. तीन मायक्रॉन. आपल्या डोक्यावरचा केस सत्तर मायक्रॉनचा असतो, म्हणजे बघा. म्हणून त्याचं हे नाव. मशीनच्या हातभर लांब पट्ट्या तो एकटाच घासायचा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाडीत पाच मायक्रॉनचासुद्धा फरक चालत नाही, असलं ते काम.

मी रजेवरून आले आणि तीन आठवड्यांत त्याच्या तीन खेपा नापास केल्या. कधी आठ, कधी नऊ. बाकीच्यांचे लहान तुकडे पास होत होते, कारण वीतभर तुकड्याला दगडाचा पीळ कळत नाही. पहिली खेप तो उचलून परत घेऊन गेला. दुसऱ्या खेपेला आला, टोपी हातात घेऊन, आणि हळूच म्हणाला, "बाई, एकदा दगड बघा ना."

तेव्हा मी काय म्हटलं असेल? जेवणाची सुट्टी होती, अख्खं खातं उभं होतं. मी मोठ्यानं म्हटलं, "वा! नाचता येईना, अंगण वाकडं!"

हशा पिकला. तोही हसला. तो हसला याची मला आजही लाज वाटते. त्या दिवसापासून जो तो त्याला विचारायला लागला, "काय बहाद्दर, आज अंगण कसं आहे?"

तिसरी खेप गेली तेव्हा त्यानं आपणहून राजीनामा लिहून दिला. चोवीस वर्षांची नोकरी, चार ओळींचा कागद. शुक्रवारी निरोप घ्यायला आला. नापास झालेल्यांतली एक पट्टी, टोकाला लाल रंग फासलेली, तेल लावून पुसून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "तुमच्यावर राग नाही, बाई. हात गेला माझा. गेला तर गेला." मी म्हटलं, "तब्येतीला जपा." याहून शहाणं काही मला सुचलं नाही.

मंगळवारी सकाळी ती पट्टी तिथंच होती. मन खात होतं. उचलली, दगडावर ठेवली, डायल फिरवली. उजव्या टोकाला नऊ जास्त. ठीक, तेच. मग, खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. पट्टी उचलून उलट फिरवली, उजवं टोक डावीकडे. आता नऊ डावीकडे दिसायला हवे होते. चूक पट्टीची असेल तर ती पट्टीबरोबर फिरते.

काटा पुन्हा उजवीकडेच चढला. नऊ.

पट्टी फिरली होती, चूक जागेवरच होती. मी स्क्रू ड्रायव्हर घेतला, झालर सोडवली आणि गुडघ्याची पर्वा न करता जमिनीवर झोपले. बाकीचं तुम्हाला माहीत आहे.

तर साहेब घड्याळ बघत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. पट्टी दोन्ही बाजूंनी फिरवून दाखवली. माणूस मठ्ठ नव्हता, लगेच समजला. तोंड उतरलं. मग त्यानं दार लावून घेतलं.

"ठीक आहे. पाय काढून टाकू आत्ताच. विषय संपला."

"संपला कसा? तीन आठवड्यांच्या नापास पट्ट्या चांगल्या आहेत. आणि पास केलेल्या इतर लांब मालात वाकडं काही गेलं असेल तर तेही परत मोजावं लागेल."

"बाई, उद्या पाहुणे येताहेत. आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. ही खोली त्यांच्यासाठी बांधलीय. त्यांना सांगायचं की आमचा दगडच वाकडा होता?"

"मग काय, माणूस वाकडा होता म्हणून सांगायचं?"

"त्यानं स्वतः राजीनामा दिलाय. मी काढलं नाही त्याला." त्यांनी आवाज खाली आणला. "मीही नोकर माणूस आहे हो. चार महिने झालेत मला येऊन. जरा समजून घ्या. तुमचीच सही आहे त्या तिन्ही रिपोर्टांवर. तुमचंही नाव खराब होईल."

ही मात्र त्यांनी बरी आठवण करून दिली. मी रजिस्टर ओढलं, पेन काढलं आणि त्यांच्यासमोर लिहिलं: 'माझे आधीचे तीन रिपोर्ट चुकीचे आहेत. दगडाखाली चौथा पाय होता. मी खाली वाकून पाहिलं नाही.' खाली सही, तारीख, वेळ.

"ते पान फाडा."

"पानांना नंबर आहेत, साहेब."

"तुम्हाला दोन वर्षं राहिलीत. पॅकिंगला बसून काढायचीत का?"

"खोकी बांधता येतात मला. खोटं मोजता येत नाही. करा काय करायचं ते."

ते दार आपटून गेले. काचेचं दार, आपटलं तरी नीट वाजलं नाही. मी फिटरला बोलावून चौथा पाय सोडवून घेतला, झालर कोपऱ्यात उभी केली आणि दगडावर कापड घातलं. पीळ सुटल्यावर त्यालाही रात्रभर निवांत पडू द्यायला हवं होतं.

संध्याकाळी पट्टी पिशवीत घालून मी अंगठेबहाद्दरच्या घरी गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. प्रत्येक पायरीला गुडघा मला माझी लायकी सांगत होता. दार त्याच्या बायकोनं उघडलं.

"आता काय मोजायला आलात?"

"वहिनी, मला आत येऊ द्या. नंतर दार तोंडावर लावलंत तरी चालेल."

तो खिडकीशी बसला होता. समोर एक बंद पडलेलं घड्याळ उघडून ठेवलेलं, पण स्क्रू तसेच वाटीत. मला बघून उठला. चोवीस वर्षांची सवय. मी पट्टी काढून त्याच्यासमोर ठेवली.

"अंगठा फिरवा."

"कशाला बाई? हात गेलाय म्हटलं ना."

"फिरवा म्हणते ना!"

त्यानं फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. चेहऱ्यावर काही नाही. "मला तर सरळ लागते," तो म्हणाला, चोरी कबूल करावी तसं. "तेव्हाही सरळच लागली होती. म्हणून तर म्हटलं, हात गेला."

"हात जागेवर आहे. अंगण वाकडं होतं."

त्याला कळायला वेळ लागला. मी चौथ्या पायाचं सांगितलं, पट्टी फिरवल्याचं सांगितलं, मी खाली बघितलं नाही आणि का बघितलं नाही, तेही सांगितलं. तो पट्टीच्या टोकावरचा लाल रंग नखानं खरवडत बसला. बायको दाराला टेकून उभी होती. तीच बोलली.

"चार दिवस झाले, हा माणूस पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरतोय. हात थरथरत नाही, तरी. भरवसाच उडालाय. रिपोर्ट बदलाल हो, हे कसं बदलाल?"

मी रिकाम्या पिशवीची घडी घातली.

"तुम्ही सगळ्यांसमोर मला हसला होतात, बाई," तो खाली मानेनं म्हणाला. त्यानं पहिल्यांदाच हे तोंडानं म्हटलं.

"हो. म्हणून सगळ्यांसमोरच सांगणार आहे. उद्या दहा वाजता या."

"मला फाटकातून कोण सोडेल?"

"मी येते फाटकावर. बघू कोण अडवतो."

घरी गेले तर नवऱ्यानं माझा चेहरा बघून पाणी पुढे केलं आणि सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "म्हणजे पॅकिंग."

"पॅकिंग."

"दगडाची सवय सुटेल तुझी. आता मला न्हाऊ घाल." मग बराच वेळ तो माझा गुडघा शेकत बसला. सासूबाई आतून ओरडल्या, "सही केलीस ना? मग घाबरायचं नाही."

दुसऱ्या दिवशी फाटकावर कुणी अडवलं नाही. पहारेकरी अंगठेबहाद्दरच्या ओळखीचा होता, त्यानं नुसतं आकाशाकडे बघितलं. दहा वाजता साहेब पाहुण्यांना घेऊन आले, एक तरुण आणि एक पांढऱ्या मिशांचे म्हातारे. काचेच्या खोलीतून अख्खा कारखाना दिसतो; म्हणजे अख्ख्या कारखान्याला ही खोलीही दिसते. ती सोय साहेबांनीच केलेली. मी फक्त दार उघडं ठेवलं.

"या आमच्या जुन्या तपासनीस," साहेब म्हणाले आणि माझ्याकडे असं बघितलं की एखाद्या मांजरानंही वाट सोडली असती.

मी कापड काढलं. लाल रंगाच्या नापास पट्ट्या एकेक करून दगडावर ठेवल्या, डायल फिरवली, उलट करून पुन्हा फिरवली. एक. दोन. दोन. एक. सगळं पाचाच्या आत. बाहेर मशीनं एकेक करून थांबायला लागली. म्हाताऱ्या पाहुण्यांनी विचारलं, "चांगल्या पट्ट्यांना लाल रंग का?"

साहेब पुढे सरसावले, "ते जरा आमचं अंतर्गत..."

"कारण माझा दगड पिळलेला होता," मी म्हटलं. आवाज असा लावला की शेवटच्या ग्राइंडरपर्यंत जावा. "चौथा पाय लागला होता आणि मी वाकून बघितलं नाही. या माणसानं मला सांगितलं होतं, दगड बघा. मी त्याला म्हटलं, नाचता येईना, अंगण वाकडं. तेव्हा तुम्ही सगळे होतात. आताही आहात. तर ऐका. अंगण वाकडंच होतं. हा चांगला नाचत होता."

कुणी हसलं नाही. अंगठेबहाद्दर दारात टोपी हातात घेऊन उभा होता, ती त्यानं डोक्यावर घातली.

म्हाताऱ्या पाहुण्यांनी कोट काढून तरुणाच्या हातात दिला आणि सरळ जमिनीवर झोपून दगडाखाली बघितलं. उठले, कोपर झटकले. "तीन आठवड्यांतला सगळा लांब माल पुन्हा मोजा. तोपर्यंत काही पाठवू नका." मग अंगठेबहाद्दरकडे वळून म्हणाले, "या पट्ट्या तुमच्या?" तो म्हणाला, "हो. माझ्या." एवढंच, पण ताठ मानेनं.

राजीनामा परत मिळाला त्याला. पाहुण्यांनी विचारलेला माणूस, सोडतात कसा! आणि मला सोमवारी कागद मिळाला: पॅकिंग विभाग, तात्काळ. मी निरोप वगैरे घेतला नाही. दगड एकदा पुसला, कोरडा होऊ दिला, कापड घातलं, किल्ली नव्या तपासनिसाच्या हातात दिली आणि रजिस्टरच्या पुढच्या पानावर वरतीच लिहून ठेवलं: रोज सकाळी वाकून बघणे. वाईट वाटलं का? वाटलं तर! जिन्याखाली उभी राहून भरपूर रडले. मग तोंड धुतलं.

पॅकिंगमध्ये माझं टेबल खिडकीशी आहे. लाकडी, चार पायांचं, डगमगणारं. एका पायाखाली मी तो काढलेला टेकू सरकवलाय, आता बरं बसतं. समोर मोकळी जागा आणि पलीकडे काचेची खोली. सकाळी भोंग्याच्या आधी दहा मिनिटं अंगठेबहाद्दर तिथं येतो. त्याचं ते काम नाही, नव्या तपासनिसानं पहिल्या दिवशी विचारलंही, पण अडवलं नाही. तो टोपी काढून बाजूला ठेवतो, टॉर्च घेऊन दगडाखाली झोपतो, थोडा वेळ त्याचे नुसते बूट दिसतात. मग उठतो, कपडे झटकतो आणि खिडकीकडे बघून हात वर करतो. तीन बोटं.

मीही तीन बोटं दाखवते आणि खोकी बांधायला घेते.